ही रजिस्टरं वाचवा

इस्राएलमधल्या दिमोनाहून माझ्या भावाच्या नातीचा फोन आला. तिला ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड, काढायचंय. आजोबा भारतातले, याचा कागद हवा. भाऊ १९६३ साली इस्राएलला गेला, तेव्हा शाळेचा दाखला जपून नेण्याचं कुणाला सुचणार होतं?

मी अलिबाग तालुक्यातल्या त्याच्या जुन्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून जनरल रजिस्टर काढलं. शाई फिकट झालेली, पण नोंद होती: नाव, अक्षरी जन्मतारीख, आणि जातीच्या रकान्यात ‘बेने इस्राएल’, आमच्या कोकणातल्या ज्यू समाजाचं नाव. खालच्या तीन ओळी वाळवीने खाल्ल्या होत्या. त्या मुलांच्या नातवंडांनी कुठे जायचं?

कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. यापलीकडे कुणी चौकशी केली नाही. इस्राएलमध्ये मात्र १९६२ साली धर्मपीठाने लग्नाआधी आई-आजीचं ज्यूपण तपासायचा आदेश काढला. आमची माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती सर्वार्थाने बरोबरीची ज्यू असल्याचं जाहीर केलं. भावाच्या त्या काळातल्या पत्रांमधला अपमान मला आजही सलतो.

पुढे अडवणूक भारताकडून झाली. इस्राएलमध्ये मुलामुलींना सक्तीने सैन्यात जावं लागतं, आणि नेमकं तेच ओसीआयच्या आड येई. ही अडचण दूर करण्याची घोषणा पंतप्रधानांनी २०१७ साली तेल अवीवमध्ये केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण कागद लागतोच. कायद्याने पणतवंडांपर्यंत हक्क दिला. पुरावा मात्र वाळवीच्या तावडीत.

परक्या देशाच्या सैन्यात राहिलेल्या मुलीचं इथे काय, असं मला विचारतात. तिचा देश इस्राएलच आहे, आणि तो तसाच असावा. ओसीआयने तिला इथे मत मिळत नाही, शेतजमीनही घेता येत नाही. तिच्या घरी आजही एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा होतो. तो जिथून आला त्या गावी तिला हक्काने यायचंय. यात कुणाचं काय जातं?

जिल्हा परिषदेने रायगडमधल्या शाळांची जुनी रजिस्टरं यंदाच्या पावसाळ्याआधी स्कॅन करून घ्यावीत. परदेशातून अर्ज केला तरी उतारा मिळावा. आणि जिथे पान गेलंय, तिथे सिनेगॉगमधली लग्नाची नोंद सरकारने ग्राह्य धरावी.