सप्रमाणतेवाचून विश्वसनीयता

साहित्यकृतीविषयी एकही वाक्य न लिहिता मराठीच्या अध्यापनाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होता यावे, ही व्यवस्था २०१२ पासून सुखेनैव नांदते आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये ‘नेट’ची उरलीसुरली वर्णनात्मक प्रश्नपत्रिकाही बहुपर्यायी झाली. आता दोन्ही पत्रिका मिळून दीडशे प्रश्न, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला दंड नाही. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही हेच गुण ग्राह्य धरण्याचे ठरविले. एम.ए.चे वर्ग या परीक्षेकडे तोंड करून बसू लागले, तर नवल नाही.

या पद्धतीचे समर्थन ‘वस्तुनिष्ठता’ या एका शब्दावर उभे आहे. शब्द मानसमापनातून उसना आणलेला आहे. स्टार्च आणि इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा गुणांतील तफावत धक्कादायक निघाली. बहुपर्यायी चाचण्यांचा प्रसार त्यानंतरचा. पण मानसमापनाचा आरंभीचा धडा असा, की चाचणीला विश्वसनीयता हवी तशी सप्रमाणताही हवी. जे मोजायचे तेच ती मोजते काय, हे पाहावे लागते. भाषाविभागांनी पहिली संज्ञा उचलली आणि दुसरी तिथेच ठेवली. (मानसशास्त्राची ‘नेट’ही याच साच्यातली आहे, आपलेच शास्त्र परीक्षादालनाबाहेर ठेवून त्या विषयाचे उमेदवारही ती निमूटपणे देतात.)

मर्ढेकरांचे उदाहरण घ्यावे. संवाद, विरोध, समतोल हे लयीचे नियम कोणाचे, असा प्रश्न विचारता येतो आणि त्याला एकच बरोबर उत्तर असते. ‘भावनानिष्ठ समतानता’ आणि मर्ढेकर यांची जोडीही लावता येते. परंतु शब्दाला अर्थ असतो, अर्थाला जगाचा संदर्भ असतो. मग सूर आणि रंग यांना लागू पडणारे नियम साहित्याला लागू पडतात काय? भावनात्मक अर्थ हे साहित्याचे माध्यम मानल्याने अडचण सुटते, की केवळ पुढे ढकलली जाते? मराठी सौंदर्यशास्त्राचा खरा वाद येथे सुरू होतो. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) वाचावी लागते ती याचसाठी. चार पर्यायांच्या चौकटीत हा ग्रंथ शिरतो तो फक्त प्रकाशनवर्षाच्या रूपाने.

मानसशास्त्राकडून घ्यायचेच होते तर घेण्याजोगे दुसरे काही होते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. त्यांतून १९२९ चा ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ सिद्ध झाला. वाचक कोठे अडखळतो, कोठे उसन्या भावनेने वेळ मारून नेतो, हे त्यांना विद्यार्थ्यांच्या लिहिलेल्या वाक्यांतच सापडले. काळ्या केलेल्या वर्तुळातून ते कधीच सापडले नसते.

जुनी वर्णनात्मक पत्रिका निर्दोष होती, असा दावा कोणी करू नये. ‘सोदाहरण चर्चा करा’ या आज्ञेला पाठ केलेले गाईड हेच उत्तर मिळे, आणि परीक्षकाची लहर गुण ठरवी. पण त्यावरचे उपाय ठाऊक नव्हते, असे नाही: अपरिचित कविता, तिच्यावर दोन पाने, आणि एकमेकांचे गुण न पाहणारे दोन परीक्षक. याला माणसे लागतात, मानधन लागते, निकालाला विलंब होतो. अडचण तीच असेल, तर आयोगाने तसे स्पष्ट म्हणावे. वस्तुनिष्ठतेचे नाव पुढे करू नये.