किनारपट्टीच्या गावात जमीन जाते ती आधी कागदावर

कोकण किनाऱ्यावरच्या लहान गावात एका कुटुंबाची मालमत्ता चार ठिकाणी विखुरलेली असते. नारळ-सुपारीची वाडी, खाडीकाठची खार, गावठाणातले किंवा कोळीवाड्यातले घर आणि होडी-जाळी. गेल्या काही वर्षांत या चारही गोष्टींवर दोन बाजूंनी ताण आला आहे. एकीकडे 3 जून 2020 चे निसर्ग आणि मे 2021 चे तौक्ते ही चक्रीवादळे. दुसरीकडे जमिनीची वाढती मागणी. अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी सुरू झाला, रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे काम हाती घेतले गेले, आणि रायगडपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत गिऱ्हाईक विचारणा करू लागले. वादळाची भरपाई असो वा जमिनीचा सौदा, दोन्हीकडे कष्ट कोणाचे हे कोणी विचारत नाही; कागदावर नाव कोणाचे एवढेच पाहिले जाते.

सामाईक सातबारा : मूळ दुखणे

कोकणात वाडी एकाची वहिवाट आणि सातबारा चौदा जणांचा, ही नेहमीची गोष्ट. आजोबांच्या पिढीनंतर वाटप झालेले नाही, काही नावे मयतांची आहेत, निम्मे वारस मुंबईत आहेत. पीक चांगले येते तोवर कोणाचे अडत नाही. वादळ आले की अडते.

निसर्ग वादळानंतर राज्य शासनाने बहुवार्षिक फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये, कमाल 2 हेक्टरपर्यंत, अशी मदत जाहीर केली होती. हिशेबापुरते उदाहरण घ्या. 20 गुंठ्यांच्या वाडीला या दराने साधारण 10,000 रुपये होतात. चौदा समान हिस्से केले तर प्रत्येकी सुमारे 714 रुपये. वाडी राखणाऱ्या एकाच्या खात्यात पूर्ण रक्कम हवी असेल तर बाकी तेरा जणांचे संमतीपत्र लागते. नव्याने लावलेली सुपारी उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षे लागतात. तेवढा काळ कळ काढायची ती गावातल्या माणसाने, आणि सह्या गोळा करत फिरायचे तेही त्यानेच.

फळपीक विमा आणि पीककर्जालाही हीच अडचण येते. शिवाय 15 एप्रिल 2025 पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक झाला आहे. तो सातबाऱ्यावरच्या नावाशी जोडलेला असतो. सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव असेल, तर कसणारा मुलगा किंवा सून योजनेच्या बाहेर राहते.

अविभक्त हिस्स्याची विक्री

दुसरा धोका शांतपणे येतो. शहरातल्या एखाद्या सहहिस्सेदाराला गाठून त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात घेतला जातो. खरेदीदाराचे नाव सातबाऱ्यावर लागते. मग तो वाटपाची मागणी करतो, किंवा उरलेल्यांनी कंटाळून विकावे म्हणून वाट पाहतो. आपला हिस्सा विकण्याचा सहहिस्सेदाराला अधिकार आहे. पण तुमच्या हातातही काही हक्क आहेत :

- हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 नुसार एकाच मयताच्या पहिल्या वर्गातील वारसांपैकी कोणी हिस्सा विकत असेल, तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले.
- राहत्या सामाईक घराचा हिस्सा परक्याने घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 मुळे त्याला कुटुंबासोबत घराचा ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावल्यास 1893 च्या विभाजन कायद्याच्या कलम 4 खाली तो हिस्सा विकत घेण्याची मागणी कुटुंबाला करता येते.
- फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी 15 दिवस असतात. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर आपल्या गावचे फेरफार महिन्यातून एकदा तरी पाहा.

खार : बांध फुटला की वेळ सुरू होतो

खारभूमीत मालकी टिकते ती बांधावर. बांध किंवा उघडी फुटून उधाणाचे पाणी शेतात शिरले आणि दुरुस्ती लांबली, तर काही वर्षांत तिथे कांदळवन उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निर्णयानुसार कांदळवन तोडता येत नाही, जमीन खासगी असली तरी. पेण, अलिबाग भागात अशी भातशेती गेलेली कुटुंबे आहेत. सातबारा त्यांच्या नावावर आहे, पीक मात्र नाही.

म्हणून बांध फुटल्या दिवशीच फोटो काढा. तहसीलदार आणि खारभूमी उपविभाग या दोघांना लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आपला बांध शासकीय योजनेत आहे की खासगी, हे आधीच विचारून ठेवा. दुरुस्ती कोणी करायची ते त्यावर ठरते. जमीन पिकाखाली असेपर्यंत दर हंगामात ई-पीक पाहणी करा, म्हणजे ती पडीक दिसणार नाही. क्षार वाढलेल्या खाचरात पनवेल 1, 2 किंवा 3 या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती घेता येतात.

घर आणि होडी

आपत्ती मदतीच्या निकषांत पडलेले घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला मागितला जातो. कोळीवाड्यातली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत, पण घरपट्टीच्या पावतीपलीकडे कागद नाही. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. आपले घर गावठाण हद्दीत आले की बाहेर राहिले, हे नकाशावर तपासा आणि राहिले असेल तर मुदतीत हरकत द्या.

22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज आणि विम्यात त्याचा उपयोग आहे. मात्र होडीची नोंदणी आणि मासेमारी परवाना चालू असेल तरच लाभ मागता येईल.

आता काय करावे?

1. वारस नोंद : 2025 मधील ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत नाव लागले नसेल, तर मृत्यू दाखला व वारसांच्या तपशिलासह ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मुलींची नावे वगळू नका. पुढे त्यावरूनच फेरफार अडकतो.
2. वाटप : जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली एका सहधारकालाही तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मालकीचाच वाद निघाला तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते. मे 2025 मध्ये शासनाने शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली आहे.
3. वाडी फारच लहान असेल तर : तुकडेबंदीमुळे वाटप होणार नाही. अशा वेळी हिस्से एकाने विकत घेणे किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हे मार्ग आहेत. साध्या कागदावरचे हक्कसोडपत्र चालत नाही. बहिणींवर दबाव आणून सही घेऊ नका. मोबदला बोलून, लिहून द्या.
4. संमतीपत्र : वाटप होईपर्यंत भरपाई व विम्यासाठी सर्वांचे संमतीपत्र पावसाळ्याआधी करून ठेवा.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी गावाची सामाईक खात्यांची यादी करावी आणि शिबिर गणपतीत किंवा शिमग्यात घ्यावे. चाकरमानी त्याच वेळी गावात असतात. एरवी ज्या सह्यांना वर्ष लागते त्या दोन दिवसांत होतात. पंचनाम्याला माणसे येतात तेव्हा कागद तयार करायला वेळ उरलेला नसतो.