फवारणीचं ‘औषध’ शरीरात नेमकं काय करतं? ‘सवय झाली’ म्हणणं का धोक्याचं?

शिरूरचा कांदा असो की दौंडचा ऊस, फवारणीच्या पंपात जे ओततात त्याला सगळे ‘औषध’च म्हणतात. या औषधांमधला एक मोठा गट आहे ऑर्गॅनोफॉस्फरस रसायनांचा. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठीचं प्रोफेनोफॉस आणि उसातल्या वाळवीसाठीचं क्लोरपायरीफॉस याच गटातलं.

ही रसायनं माणसासाठी किती घातक ठरू शकतात, हे 2017 मध्ये यवतमाळने दाखवून दिलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे 20 हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यानंतर राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यात मोनोक्रोटोफॉस आणि असिफेट ही याच गटातली रसायनं होती.

विष शरीरात कुठे चिकटतं?

मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचवण्याचं काम अॅसिटिलकोलिन हे रसायन करतं. निरोप पोहोचला की ते लगेच नष्ट व्हावं लागतं. हे काम कोलिनएस्टरेज नावाचं प्रथिन करतं, तेही सेकंदाला हजारो रेणू या वेगाने.

ऑर्गॅनोफॉस्फरस रसायन नेमकं याच प्रथिनाच्या काम करणाऱ्या जागी जाऊन चिकटतं आणि ते बंद पाडतं. मग अॅसिटिलकोलिन साचत जातं. लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, उलट्या होतात, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. छातीत पाणी भरल्यासारखं होतं. मृत्यू होतो तो बहुतेकदा श्वास थांबल्याने.

कीटकही याच पद्धतीने मरतो. कारण हे प्रथिन त्याच्या शरीरातही असतं.

वेळ इतकी महत्त्वाची का?

सुरुवातीला हा बंध सुटू शकतो. ‘पॅम’ हे इंजेक्शन त्यासाठीच देतात, तर अॅट्रोपिन साचलेल्या अॅसिटिलकोलिनचा परिणाम रोखतं. पण वेळ गेली की बंध पक्का होतो आणि मग पॅमचा उपयोग होत नाही. मोनोक्रोटोफॉसच्या प्रकारात निम्मे बंध साधारण चार तासांतच पक्के होतात. क्लोरपायरीफॉसच्या प्रकारात त्याला दिवसाहून जास्त वेळ लागतो. मात्र क्लोरपायरीफॉस यकृतात गेल्यावर अधिक विषारी बनतं, त्यामुळे त्याची लक्षणं उशिराही दिसू शकतात. ‘आत्ता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबणं म्हणूनच धोक्याचं.

‘आम्हाला सवय आहे’ यात तथ्य किती?

बंद पडलेलं प्रथिन पुन्हा सुरू झालं नाही, तर शरीराला नवं तयार करावं लागतं. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये ही भरपाई रोज जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होते. आठवड्यातून दोनदा फवारणी करणाऱ्या मजुराची ही तूट भरायच्या आतच पुढची फवारणी येते. वरून त्रास दिसत नाही, पण आतली शिल्लक घटत जाते. मग एखाद्या दिवशी नेहमीचीच मात्रा भारी पडते.

ही तूट रक्ताच्या कोलिनएस्टरेज चाचणीत कळते. हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात पुन्हा चाचणी केली, तर फरक दिसतो आणि त्या माणसाला वेळीच फवारणीपासून दूर ठेवता येतं.

बंदीने प्रश्न सुटला का?

2023 मध्ये केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रावणावर बंदी घातली. पण या गटातली इतर रसायनं बाजारात आहेत. डब्यावरच्या चौकोनाचा खालचा त्रिकोण लाल असेल तर विष सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो.

विषबाधेची शंका आली तर कपडे काढून अंग साबणाने धुवावं, उलटी करवू नये, 108 ला फोन करावा आणि डबा सोबत न्यावा. कोणतं विष आहे हे डब्यावरून कळलं, तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.