संगणक भंगारात काढण्याआधी

जुन्या संगणकावर लिनक्स बसवले, छोट्या चौकटीत व्हिडिओ नीट चालला, पण पूर्ण पडद्यावर नेताच अडखळू लागला, की लगेच निकाल लागतो: लिनक्स कुचकामी, नाहीतर यंत्र भंगार. हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा घाईचे असतात. ६४० बाय ३६० च्या चित्रात सुमारे २ लाख ३० हजार ठिपके असतात, तर १९२० बाय १०८० च्या चित्रात २० लाख ७३ हजारांहून अधिक. पडदा मोठा झाला की यूट्यूब बहुधा वरचा दर्जा पाठवू लागते आणि काम नऊपट होते. ते ग्राफिक्स चिपने उचलले तर प्रोसेसर निवांत राहतो. नाही उचलले तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. त्यात यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या संकुचित साठवणीच्या प्रकारांत देते. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ उलगडण्याची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ची अकराव्या पिढीपासून. त्याआधीची यंत्रे एच.२६४ हा जुना प्रकार मात्र सहज उलगडतात. म्हणजे ताकद यंत्रात आहे, पण समोर येणारा प्रकार तिला जुळत नाही.

‘इंटरनेटच मंद असेल’ असे कुणी म्हणेल. शंका रास्त आहे आणि तपासायलाही सोपी. एच.२६४ मधली एखादी फाइल डिस्कवर उतरवून पूर्ण पडद्यावर लावावी. तीही अडखळली तर दोष नेटचा नाही. मग ‘टॉप’ ही आज्ञा देऊन प्रोसेसरवरचा भार पाहावा आणि ‘व्हीएइन्फो’ने चिप कोणते प्रकार उलगडते ते पाहावे. यादीत एच.२६४ नसेल तर ड्रायव्हर अपुरा आहे. फेडोरा या लिनक्स वितरणाने तर २०२२ मध्ये पेटंटच्या धोक्यापायी एएमडी चिपसाठीची ही सोय मूळ संचातून काढली. ती आरपीएम फ्युजन या स्वतंत्र भांडारातून वेगळी बसवावी लागते. फाइल सुरळीत चालून फक्त यूट्यूब अडखळत असेल, तर ब्राउझरला एच.२६४ मागायला लावणारे एक्स्टेंशन बहुधा पुरते. चित्र आडवे फाटल्यासारखे दिसत असेल तर ते दुखणे निराळे. तिथे पडद्यावर चित्र मांडणारी एक्स-ऑर्ग ही जुनी यंत्रणा सोडून वेलँड या नव्या यंत्रणेचे सत्र वापरून पाहावे.

‘एवढा खटाटोप करण्यापेक्षा विंडोज बरे’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे, विशेषतः शाळेत, कारण शिक्षकाला वर्ग घ्यायचा असतो. पण विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची जवळपास सगळी यंत्रे नाकारते. म्हणजे पर्याय नवे यंत्र घेण्याचाच उरतो. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात, कारण तिथे ‘काइट’ ही संस्था सगळ्या शाळांसाठी एकच तयार संच बनवते आणि शिक्षकांना प्रशिक्षण देते. तिथला खटाटोप एकदाच होतो, प्रत्येक शाळेत नव्याने नाही. पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात हे अशक्य का असावे? तिथली तळेगाव एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत नवलाख उंबरे गावापर्यंत पोचली आहे. तिथल्या कारखान्यांनी कार्यालयांतले बदललेले संगणक परिसरातल्या शाळा-वाचनालयांना द्यावेत, आणि देण्याआधी ड्रायव्हर बसवून पूर्ण पडद्यावर एक व्हिडिओ चालवून पाहावा. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाने असे यंत्र ताब्यात घेताना ही चाचणी सक्तीची करावी.