नामनिक्षेपातील प्रार्थना

तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती वारणानगर वाढले. चातुर्मासात तेथील ऊस पुरुषभर उंच होतो आणि सायंकाळी दुकानांच्या दिव्यांवर पाखरे, चिलटे जमतात. त्यांच्या मागावर एक हिरवा, लांबट कीटक भिंतीवर येऊन बसतो. पुढचे दोन पाय जोडल्यासारखे, मान किंचित वळलेली. पुष्कळजण त्यास नाकतोडा समजतात. परंतु नाकतोडा गवत-पाला खातो, हा शिकारी आहे आणि नात्याने झुरळाला अधिक जवळचा.

मराठीत यास खंडोबाचा किडा म्हणतात. प्रार्थना कीटक हे नाव इंग्रजीवरून आले. ग्रीक भाषेत मँटिस म्हणजे भविष्यवेत्ता. लिनियसने १७५८ मध्ये युरोपातील जातीस मँटिस रिलिजिओसा, म्हणजे धार्मिक मँटिस म्हटले. जोडलेले ते पाय काटेरी असून भक्ष्यावर झडप घालण्यासाठीच दुमडलेले असतात.

तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव हे चार निक्षेप आले आहेत. गुण नसता केवळ व्यवहारासाठी दिलेले नाव, तो नामनिक्षेप. या कीटकाची प्रार्थना तेवढीच. म्हणून त्यास ढोंगी ठरवणे मात्र अन्यायाचे. नाव त्याने मागितले नव्हते. तो चतुरिंद्रिय, असंज्ञी जीव. व्रत घेण्याची पात्रता श्रावकाला आहे, त्याला नाही.

शेतकरी त्यास मित्रकीटक म्हणतो, कारण तो पिकावरील किडी खातो. हे नाव उपकारक खरे, तरी त्यात हिशेब आहे. उपयोग पाहून जीव राखायचा, तर निरुपयोगी जीवाचे काय? अहिंसाणुव्रतात असा ताळेबंद बसत नाही.

खरा प्रश्न दिवाळीच्या साफसफाईत येतो. मादी फेसात अंडी घालते. फेस वाळून तपकिरी, स्पंजासारखी डबी होते. ती डहाळीवर, कुंपणावर, कधी भिंतीवरही चिकटलेली असते. एकेका डबीत अनेक डझन, कधी शंभरावर अंडी असतात. दुकानात तिला ‘घाण’ एवढेच नाव मिळते आणि रंगाऱ्याची पत्री तिच्यावरून फिरते. ही संकल्पी हिंसा नव्हे, पण प्रमाद निश्चितच. डबी डहाळीवर असेल तर डहाळीसह परसातल्या कुंपणाला बांधावी. भिंतीवर असेल तर पिले बाहेर पडेपर्यंत तेवढी वीतभर जागा रंगवायची ठेवावी, आणि हे रंगाऱ्याला काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे.