ओपनला दोन लाख, क्लोजला एक

स्टँडर्ड चार्टर्ड बँकेने डिसेंबर 2025 मध्ये आकडा बदलला. 2025 संपताना बिटकॉइन 2 लाख डॉलरवर असेल असं तिथले विश्लेषक सांगत आले होते. मग म्हणाले, 1 लाख. वर्ष संपायला तेव्हा तीन आठवडे उरले होते आणि भाव नव्वद हजारांच्या आसपास घुटमळत होता. म्हणजे डोळ्यांसमोर दिसणाऱ्या आकड्यात चिमूटभर आशा मिसळली की झाला अंदाज. 2026 चे 3 लाख होते, त्याचे दीड झाले. 5 लाख 2028 मध्ये येणार होते, ते 2030 वर गेले. मुक्काम तोच आहे, पोचायला उशीर होईल एवढंच.

त्याआधी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भाव सव्वा लाखापलीकडे गेला तेव्हा ‘आता काय म्हणणं आहे तुमचं?’ असं विचारणाऱ्या मेलनी माझा इनबॉक्स भरला होता. 10 ऑक्टोबरला लिव्हरेजवर, म्हणजे उसन्या पैशांवर, घेतलेल्या 19 अब्ज डॉलरच्या पोझिशन एका दिवसात लिक्विडेट झाल्या, नोव्हेंबरात भाव ऐंशी हजारांच्या घरात आला, आणि मेल आटले. त्यामुळे आजचा लेख म्हणजे सूड आहे असं कुणी म्हटलं तर मी फार वाद घालणार नाही. मात्र भाव पडल्याचा मला आनंद नाही आणि उद्या तो चढला तर दुःख होणार नाही. माझं भांडण भाव सांगणाऱ्यांशी आहे, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

बँकेवर अन्याय नको. याच बँकेने एप्रिल 2023 मध्ये, भाव तीस हजारांखाली असताना, 2024 अखेर 1 लाख होतील असं सांगितलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये ते झाले. आकडा लागला. आणि एकदा आकडा लागलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे ज्याने जुनी मुंबई पाहिली आहे त्याला सांगायला नको.

मध्यंतरी या स्तंभात मटक्याचा ओझरता उल्लेख आला, त्यावर कानउघाडणी झाली. एवढ्या प्रगत तंत्रज्ञानाची तुलना गल्लीतल्या जुगाराशी? तर आज ओझरता नाही, सविस्तर.

मटका सुरू झाला तो कापसाच्या भावावर. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमध्ये कापूस कितीला उघडला आणि कितीला बंद झाला हे टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला कळायचं, आणि इथले लोक त्या आकड्यांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज तिथूनच आले. लावणाऱ्याने कापसाचं बोंड पाहिलेलं असो वा नसो, समुद्रापलीकडे कुणी कापूस पिकवत होतं, कुणी गासड्या उचलत होतं, आणि त्या व्यवहारातून तो आकडा निघत होता. 1961 च्या सुमारास तो यायचा थांबला.

आता पाहा. ज्याच्यावर पैसे लागायचे तेच गेलं. धंदा बसायला हवा होता. पण 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली, 1964 मध्ये रतन खत्री यांनी नियमांत थोडा फेरफार करून न्यू वरळी मटका काढला, आणि धंदा पूर्वीपेक्षा कितीतरी फोफावला. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, पुढे पत्त्यांचा कॅट. कापूस गेला आणि कुणाचंही काही अडलं नाही. मला विचाराल तर गेल्या शतकातल्या मुंबईच्या अर्थव्यवहारातली ही सगळ्यात बोलकी घटना आहे आणि ती एकाही वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात नसेल.

तीन पत्ते निघायचे. तिर्री, छक्की, अठ्ठी. बेरीज सतरा, म्हणून ओपनला सात. नंतर पुन्हा तीन पत्ते, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. या बेरजेत दडलेलं काहीही नसे. कॅट पिसला की कालचा आकडा पुसला गेला. तरी लोक चार्ट ठेवत. वर्षानुवर्षांच्या जोड्या, रकाने पाडून, वारांप्रमाणे मांडलेल्या, लाल शाईने गोल केलेल्या. एकाचा कट सहा, दोनाचा सात, तिनाचा आठ. आकड्यात पाच मिळवले की त्याचा कट. मंगळवारी चार आला, म्हणजे गुरुवारकडे नऊ येणार, असं सांगणारे होते. तिरक्या रेघा ओढून ‘लाइन’ शोधणारे होते. बाबाने किती वेळा खोकलं यावरून आकडा काढणारेही होते, पण चार्टवाले त्यांना अडाणी समजत. या सगळ्या उद्योगाला नाव होतं गेसिंग. पाळी संपवून आलेला गिरणी कामगार चहा निववत त्या कागदावर जितकी एकाग्रता खर्च करी तितकी पीएच.डी.ला पुरली असती.

आता क्रिप्टोच्या कुठल्याही सिग्नल ग्रुपमध्ये डोकावा. पन्नास दिवसांच्या सरासरीची रेघ दोनशे दिवसांच्या सरासरीला छेदून वर गेली की गोल्डन क्रॉस. तीच खाली आली की डेथ क्रॉस. भाव घसरला तर तो फिबोनाचीच्या 0.618 वर थांबणार. 0.6 वर का नाही? कट पाचाचाच का, चाराचा का नाही, हे अड्ड्यावरही कुणी विचारत नसे. रेघांचा रंग तेवढा बदलला. आता हिरवा असतो.

आणि आकडा लागतो, ही तर खरी गोम. 2021 घ्या. प्लॅनबी या नावाने लिहिणाऱ्या एका डच गृहस्थाने 2019 मध्ये स्टॉक-टू-फ्लो नावाचं सूत्र मांडलं होतं: अस्तित्वात किती नाणी आहेत आणि वर्षाला नवी किती येतात याच्या गुणोत्तरावरून भाव. जून 2021 मध्ये, भाव पस्तीस हजारांच्या आसपास असताना, त्याने आपल्या दुसऱ्या एका हिशेबातून महिन्यागणिक आकडे दिले, आणि तेही ‘वाईटात वाईट’ म्हणून. ऑगस्ट 47 हजार, सप्टेंबर 43, ऑक्टोबर 63, नोव्हेंबर 98, डिसेंबर 135. ऑगस्ट 47 हजारांवर बंद झाला. सप्टेंबर 43 वर. ऑक्टोबर 61 वर, पण एवढ्या मोठ्या माणसाला दोन हजार माफ. लागोपाठ तीन! खत्रींच्या काळात असा माणूस रस्त्यात दिसला असता तर लोकांनी पायावर डोकं ठेवलं असतं. इथे त्याचे अनुयायी लाखोंनी मोजायचे. नोव्हेंबर 57 वर बंद झाला आणि डिसेंबर 46 वर. ज्याने पहिल्या तिन्हींमुळे विश्वास बसल्यावर चौथ्याला पैसे घातले, त्याच्या दृष्टीने पहिले तीन चुकले असते तर बरं झालं असतं.

मटक्यात टीप विकणाऱ्याची एक पद्धत होती. दहा जणांना दहा वेगळे आकडे द्यायचे. एकाचा लागतोच, आणि तो एक पुढच्या आठवड्यात दहा गिऱ्हाइकं आणतो. उरलेले नऊ गप्प बसतात, कारण हरल्याचं कुणी घरी सांगत नाही. क्रिप्टोत एका माणसाला दहा आकडे द्यावे लागत नाहीत. दहा हजार माणसं एकेक आकडा देतात आणि ज्याचा लागला त्याची मुलाखत होते. टिम ड्रेपर या अमेरिकी गुंतवणूकदाराने 2018 मध्ये अडीच लाखांचा आकडा दिला, मुदत 2022 अखेर. 2022 अखेर भाव सतरा हजारांच्याही खाली होता, तोवर मुदत पुढे सरकली होती. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकफी यांनी 2020 अखेर 10 लाख डॉलर सांगितले आणि ते न झाल्यास स्वतःचा एक अवयव खाण्याची जाहीर प्रतिज्ञा केली. अवयव कुठला, ते रविवारच्या पुरवणीत छापता येणार नाही. वर्ष एकोणतीस हजारांवर संपलं आणि प्रतिज्ञा तशीच राहिली. पण निदान त्यांनी तोंडदेखलं का होईना, काही पणाला लावलं होतं. बाकीच्यांनी काय लावलंय?

मटक्याचा जो एक गुण मला मान्य करावा लागतो तो इथे येतो. एकाला नऊ, जोडीला नव्वद. हा दर अड्ड्यावर शेंबड्या पोरालाही पाठ असे. शक्यता दहात एक, मिळणार नऊ. शंभरात एक, मिळणार नव्वद. म्हणजे रुपयातले दहा पैसे मटकेवाल्याचे, हे उघड होतं. जुगार बेकायदा, पण हिशेब चोख. क्रिप्टोतल्या टार्गेटसोबत मला अशी शक्यता क्वचितच दिसते. 2 लाख होतील, म्हणजे दहात नऊ वेळा की दहात दोन वेळा? न झाले तर किती खाली? हे विचारलं की ‘स्वतः अभ्यास करा’ असा सल्ला मिळतो. स्वतःच करायचा असता तर तुमचा आकडा कशाला वाचला असता?

आणि कमाई कुणाची? क्रिप्टो एक्स्चेंजला भाव वर गेला तरी कमिशन, खाली गेला तरी कमिशन. ग्रुपवाल्याला रेफरल लिंकचे पैसे. स्टँडर्ड चार्टर्ड जुलै 2025 पासून मोठ्या संस्थांना बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देते. यात गैर काही नाही. फक्त अंदाज आणि दुकान एकाच पाटीखाली आहेत, एवढं ध्यानात ठेवायचं.

आपल्याकडच्या टार्गेटवाल्यांचा एक निराळा गुन्हा आहे, तो कर न सांगण्याचा. फेब्रुवारी 2022 च्या अर्थसंकल्पात क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर बसला. लॉटरीच्या आणि घोड्यांच्या शर्यतीच्या कमाईवर असतो तेवढाच. तेव्हा माझ्या तुलनेवर नाराज असलेल्यांनी आधी अर्थ मंत्रालयाला मेल करावा. शिवाय एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. बिटकॉइनमध्ये लाख रुपये कमावले आणि इथरमध्ये लाख गमावले, तर हातात शून्य आणि सरकारला तीस हजार, वर उपकर. पाचही आकडे अचूक सांगणारा देवमाणूस भेटला तरी हा खड्डा आधी भरावा लागतो. रात्रंदिवस घेणं-विकणं करणाऱ्याला तर जुलै 2022 पासून प्रत्येक विक्रीला 1 टक्का टीडीएस आहे.

तुलना कुठे तुटते तेही सांगतो, नाहीतर मेल पुन्हा सुरू होतील. खत्रींच्या पत्त्यांना आठवण नव्हती. भावाला कालचा मुक्काम असतो. नाण्यांची संख्या 2 कोटी 10 लाखांवर बांधलेली आहे, जानेवारी 2024 पासून अमेरिकेत ईटीएफमधून सरळ पैसा येतो, खरे घेणारे आहेत. डिसेंबर 2018 मध्ये सव्वातीन हजारांना मिळणारं नाणं डिसेंबर 2025 मध्ये नव्वद हजारांना होतं. 2018 मध्ये घेऊन विसरून गेलेला माणूस माझ्यापेक्षा श्रीमंत आहे. फक्त तो विसरून गेला होता, हे विसरू नका. गेसिंग करत बसला असता तर बावीसच्या नोव्हेंबरात, एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं तेव्हा, सोळा हजारांना विकून मोकळा झाला असता.

2025 संपताना गाजत होता तो चार वर्षांच्या चक्राचा वाद. खाणकामाचं, म्हणजे नवी नाणी काढण्याचं, बक्षीस 2012, 2016, 2020 आणि 2024 मध्ये निम्मं झालं. शिखरं आली 2013, 2017, 2021 मध्ये आणि 2025 च्या ऑक्टोबरात. एक गट म्हणत होता, चक्र पुरं झालं, 2026 पडझडीचं. दुसरा म्हणत होता, ईटीएफ आल्यावर चक्र संपलं, आता वरच. दोघांसमोर चार्ट तोच. चार पावसाळे पाहिले की गावात शहाणपण मिळतं, संख्याशास्त्रात मिळत नाही.

आता नारळीकर. हो, पुन्हा. ज्योतिषांच्या चाचणीचा त्यांचा प्रयोग मी या स्तंभात कितव्यांदा आणतोय हे संपादक मोजतात, मी मोजत नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर मे 2025 मध्ये गेले. 2008 च्या सुमारास त्यांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्यासह ज्योतिषांची चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, दोन्हींच्या कुंडल्या. कुठली कुणाची ते ओळखा. एक्कावन्न ज्योतिषांनी संच घेतले, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. प्रत्येकी 40 कुंडल्या, सरासरी 46 टक्के बरोबर. छाप-काटा करून पन्नास टक्के आले असते. भाव सांगणाऱ्यांमध्ये आणि कुंडलीवाल्यांमध्ये फरक आहे म्हणतात. असेल. मला तो स्क्रीनच्या आकारात दिसतो.

तर तसाच प्रयोग इथे घेऊ. मी तयार आहे, संपादकांनी मान डोलावली आहे. टीव्हीवरचे, टेलिग्रामवरचे, बँकेतले, सगळ्यांना खुलं आमंत्रण. बंद लिफाफ्यात पुढच्या बारा महिन्यांच्या शेवटच्या दिवसाचे भाव आणि प्रत्येकासमोर तो लागण्याची शक्यता किती, हे टक्क्यांत. मुदतवाढ नाही. अर्जासोबत गेल्या पाच वर्षांतले चुकलेले आकडे जोडावेत. लागलेले नकोत, ते आम्हाला आधीच फॉरवर्ड होऊन आलेले आहेत.