नाव नको, गाव विचारा!

मी पडले कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या!

परवा होस्टेलवर रूममेट घाबरली. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई’ चाळीसेक वेळा दिसत होतं. "व्हायरस आहे, डिलीट मारते!" लॅपटॉपवर अख्खा प्रोजेक्ट, सबमिशन आठवड्यावर. मी म्हटलं, थांब!

२००२ मध्ये असाच ई-मेल फिरला होता: टेडी बेअरचं चित्र असलेली ‘जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई’ फाइल व्हायरस आहे, काढून टाका. कित्येकांनी काढली. ती निघाली मायक्रोसॉफ्टचीच! उलट २००३ मध्ये वेल्चिया वर्मने विंडोजच्याच ‘डीएलएलहोस्ट’चं नाव घेतलं. खरी फाइल सिस्टम३२ मध्ये, हा बसला त्याच्या आतल्या ‘विन्स’ फोल्डरमध्ये. म्हणजे नावाला भिणं चूक अन् नावावर भरवसा ठेवणंही चूक.

अकोल्याची माझी आजी दारात अनोळखी माणूस दिसला की आधी विचारते, "कोन्या गावचा गा तू? कोनाकडे आला?" फाइललाही तेच विचारा. राइट क्लिक, ओपन फाइल लोकेशन: राहते कुठे? प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर: कोणाची? तरी शंका असेल तर व्हायरसटोटलवर तपासा.

मोबाइललाही हेच लागू. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘लग्नपत्रिका’ उघडली. ती एपीके फाइल होती. खात्यातून जवळपास १.९० लाख गेले. पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागते का?

रूममेटच्या साऱ्या फाइल्स सिस्टम३२ मध्येच सापडल्या. विंडोजच्या वेगवेगळ्या सर्व्हिसेस त्यातूनच चालतात. प्रोजेक्ट वाचला. इंजिनिअर म्हणवतो ना आपण? मग डिलीट करण्याआधी अन् उघडण्याआधी दोन मिनिटं चौकशी करायला काय हरकत आहे?